गिरिजाक्कांची वाटणी

आमच्या शाळेच्या ऑफिसातला कॉम्प्युटर चालू केला की आधी काळ्या पडद्यावर तीन ओळी उमटायच्या. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी असायचं ते. पहिली ओळ ‘भाऊसाहेबांचं जुनं’, दुसरी ‘भाऊसाहेबांचं नवं’, तिसरी ‘पोरांचं’. बाणाच्या बटणानं हवी ती ओळ निवडायची आणि एंटर दाबायचं. मग तो कॉम्प्युटर जुन्या विंडोजचा तरी व्हायचा, नव्या विंडोजचा तरी, नाहीतर लिनक्सचा. एक जागा झाला की बाकीचे दोघे गाढ झोपलेले. एकाच डब्यात राहून तिघांना एकमेकांचा पत्ता नसायचा.

ही करणी गिरिजाक्कांची. गिरिजा मगदूम, आमच्या कॉम्प्युटरच्या शिक्षिका. भाऊसाहेब म्हणजे हेडक्लार्क चौगुले. मुलांच्या दाखल्यांचा त्यांचा जुना प्रोग्रॅम फक्त जुन्या विंडोजवर चालायचा, सरकारी माहिती भरायला नवं विंडोज लागायचं, आणि संध्याकाळच्या वर्गाला लॅबमधले कॉम्प्युटर कमी पडायचे म्हणून ऑफिसातल्यावर लिनक्स. तीन कॉम्प्युटर घ्यायची शाळेची ऐपत नव्हती. आक्कांनी एकाचेच तीन केले.

पहिल्या दिवशी चौगुले भाऊसाहेब कॉम्प्युटर लावून बसले आणि ती यादी बघून उठले. लॅबच्या दारात येऊन ओरडले, “ओ मगदूमबाई, हे डबडं मलाच इचारालंय, कुठं जायचंय म्हणून. मी काय रिक्षावाला हाय?”

आक्का म्हणाल्या, “भाऊसाहेब, दोन मिनटं हात लावू नका. ते आपोआप तुमच्या जुन्यात जातंय.”

“आणि नव्यात जायचं असलं तर?”

“तर सांगायला नको का त्याला? मनातलं वळखायला ते काय वैनी हाय?”

भाऊसाहेबांच्या मनातलं वैनींनाही कधी ओळखता आलं नव्हतं, ते सगळ्या शाळेला ठाऊक होतं. ते हसले आणि गेले. पुढं आयुष्यभर ते त्या यादीला ‘चौक’ म्हणत राहिले. “थांबा, चौकात आलोय,” असं फोनवर सांगायचे. पलीकडच्या माणसाला वाटायचं, साहेब बाहेर आहेत.

गिरिजाक्का मूळच्या गडहिंग्लजकडच्या. घरात अर्धं कानडी. आईला अव्वा म्हणायच्या, आणि एखादी गोष्ट सोडून द्यायची असली की ‘इरली बिडी’, म्हणजे असू दे, सोड. कपाळाला भस्माचं बारीक बोट, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कमरेला लॅबच्या किल्ल्यांचा मोठा जुडगा. चालताना तो इतका वाजायचा की आक्का वळणावर यायच्या आधीच व्हरांड्यातली पोरं वर्गात पळायची. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं असतं, असा स्वभाव.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचे. वयानं त्यांच्याहून बरीच लहान. त्या मला “शैला” म्हणायच्या आणि माझ्या डब्यातली भाजी न विचारता घ्यायच्या.

राहायच्या शिवाजी पेठेत, भाड्याच्या दोन खोल्यांत, एका फुटबॉल क्लबच्या कट्ट्यावर. म्हणजे कट्टा खाली, आक्का वर. मॅच जिंकली की खाली हलगी वाजायची आणि वर आक्कांची भांडी. एकदा त्या क्लबात फूट पडली. जुने एका बाजूला, नवे एका बाजूला. जर्सी, चेंडू सगळं वाटून झालं, राहिला एक लॅपटॉप. त्यात मॅचचे व्हिडिओ, फोटो, खेळाडूंची माहिती. तो कुणी न्यायचा यावर हाणामारीची वेळ आली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, वरच्या आक्कांना विचारा.

आक्कांनी लॅपटॉप मांडीवर घेतला. म्हणाल्या, “घर एकच हाय ना? मग भाऊ वायले होताना काय करत्यात? मधी भिंत घालत्यात. दार वायलं, चूल वायली.” त्यांनी त्याच्या डिस्कचे दोन भाग केले, प्रत्येकात वेगळी सिस्टिम घातली, वेगळा पासवर्ड दिला. लॅपटॉप आठवडाआड या घरी, त्या घरी. पोरं खूश. पुढच्याच हंगामात दोन्ही गट एक झाले आणि तोच लॅपटॉप घेऊन परत वर आले. “आक्का, आता भिंत काढा की.”

“घालताना सोपी वाटली व्हय?” आक्का म्हणाल्या. ते काम करताना मात्र त्यांच्या कपाळावर घाम होता, हे मी बघितलंय. एका भागातलं सगळं आधी दुसरीकडं उतरवून घेतलं, ते उघडतंय का ते पोरांना एकेक दाखवलं, मगच भिंत काढली.

कारण कामाच्या बाबतीत त्यांचे दोन नियम होते. आधी प्रत, मग हात. आणि ज्या डिस्कला धक्का लावायचा नाही तिची वायर आधी काढून ठेवायची. “दिसतच न्हाय ते चुकून बी पुसलं जात न्हाय,” असं त्या पोरांना फळ्यावर लिहून द्यायच्या.

आमच्यातच इतिहास शिकवायचे संकपाळ सर. गडमुडशिंगीचे, शेतकऱ्याच्या घरचे. ऐन चाळिशीत काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले. हळूहळू गेले, त्यामुळं त्यांनी शिकवणं एक दिवसही सोडलं नाही. फळ्यावर लिहायचं बंद केलं एवढंच. पानिपत शिकवायला लागले की शेजारच्या वर्गातला गणिताचा तास बंद पडायचा.

डोळे जायला लागले तेव्हा सरांनी एक गोष्ट सुरू केली. माणसांचे आवाज साठवायचे. खिशात छोटा रेकॉर्डर. आईचा आवाज, मुलीचा बोबडा आवाज, गुऱ्हाळातली बोलणी, शाळेतल्या आधीच्या शिपाईमामांचं निरोपाचं भाषण, मैदानावरचा कल्ला. “तुमच्याकडं फोटो असत्यात,” ते म्हणायचे, “माझ्याकडं माणसं असत्यात.” घरच्या कॉम्प्युटरमध्ये एक डिस्क सिस्टिमची आणि दुसरी खास आवाजांची. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर होतं, त्याच्या मदतीनं ते हवा तो आवाज शोधून लावायचे. आई वारल्यावर रोज सकाळी एकच लावायचे. त्यात काही विशेष नव्हतं. आई गोठ्यात म्हशीला रागावतेय, “खा की गं बया, का माझीच वाट बघालीस?” आणि मागं बादलीचा आवाज. दिवस उजाडला हे मला त्यावरून कळतं, असं सर म्हणायचे.

त्यांना कुणीतरी सांगितलं की लिनक्सवरचं असलंच एक वाचक सॉफ्टवेअर मराठी जास्त चांगलं वाचतं. पण जुन्याच्या आवाजाची कानाला सवय. दोन्ही हवं होतं. ते आक्कांकडं आले. “जुन्याला हात लावायचा न्हाय आणि नवं बी पायजे. जमतंय?”

“आयुष्यभर तेच तर करतेय की,” आक्का म्हणाल्या.

अडचण वेगळीच होती. ती निवडायची यादी मुकी असते. तोवर कुठलंही वाचक सॉफ्टवेअर जागं झालेलं नसतं. डोळसांच्या लक्षातही येणार नाही अशी गोष्ट. आक्कांनी त्यावर बरेच दिवस डोकं खाजवलं. शेवटी यादी आली की कॉम्प्युटरनं ‘पीं’ करायचं अशी सोय शोधून काढली. पीं ऐकलं की नुसतं एंटर म्हणजे जुनं. एकदा बाण खाली आणि एंटर म्हणजे नवं. लॅबमधल्या कॉम्प्युटरवर सरांना करून दाखवलं, तेव्हा सर लहान पोरासारखे परत परत बंद-चालू करत बसले. आक्का बाजूला उभ्या राहून इतक्या आनंदानं त्यांच्याकडं बघत होत्या की मला त्यांचा हेवा वाटला.

दिवाळीच्या सुट्टीत सरांनी घरचा कॉम्प्युटर शाळेत आणून दिला. मी सहामाहीचे पेपर तपासायला लॅबमध्ये बसले होते, पंखा तिथलाच बरा चालायचा म्हणून. आक्कांनी विचारलं, “सर, आवाजांची प्रत हाय न्हवं?”

सर म्हणाले, “हाय की. सगळं दुसऱ्या डिस्कवर हाय.”

सर म्हणत होते ती आतलीच दुसरी डिस्क. आक्कांना वाटलं, घरी आणखी एक आहे. दोघांनीही एकमेकांना पुढं विचारलं नाही. सर रिक्षात बसून गेले.

आक्कांचा बेत जास्तीत जास्त सांभाळून करायचा होता. आतल्या डिस्कमध्ये भिंत घालायचीच नाही. शाळेतली एक कोरी डिस्क बाहेरून जोडायची आणि नवी सिस्टिम तिच्यावर स्वतंत्र घालायची. जुन्याला धक्काच नको. फक्त त्याआधी आवाजांच्या डिस्कची वायर काढून ठेवायची. डब्याच्या झाकणाचा एक स्क्रू गंजून बसला होता. त्यांनी नाण्यानं फिरवून बघितला. फिरेना. स्क्रू ड्रायव्हर खाली शिपाईमामांच्या कपाटात.

“जाऊन आणू का?” मी विचारलं.

“बस गं तू. नावं तपासून घेतल्यात मी. इरली बिडी.”

कोरी डिस्क आणि आवाजांची डिस्क एकाच मापाच्या होत्या. सकाळी तपासताना यादीत कोरी शेवटी होती. मध्ये एकदा कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तेव्हा डिस्कांचा क्रम बदलला. आक्कांनी शेवटची निवडली. ‘ही पूर्ण पुसली जाईल, चालेल?’ असं कॉम्प्युटरनं विचारलं. त्यांनी हो म्हटलं.

मला कळलं ते आवाजावरून नाही, आवाज थांबल्यावरून. आक्का काम करताना सतत काहीतरी पुटपुटायच्या. पेपरातून डोकं वर काढलं तर त्या मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. नवी सिस्टिम मजेत चालू झालेली. बाजूला बाहेरची डिस्क तशीच कोरी.

“शैला,” त्या म्हणाल्या, “मी सरांची माणसं पुसली.”

मी काहीबाही बोलले असेन, परत येतं म्हणतात, पुसलेलं काढून देणारे लोक पुण्यात आहेत वगैरे. त्यांनी पहिलं काय केलं तर सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. मग खाली गेल्या, स्क्रू ड्रायव्हर घेऊन आल्या, आणि तो स्क्रू काढला. सहज निघाला. तो त्यांनी तळहातावर घेतला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत राहिल्या.

त्या दिवाळीत त्यांनी गोड खाल्लं नाही. सरांचा फोन यायचा, “झालं का आक्का?” आणि आक्का “चाललंय सर” म्हणायच्या. फोन ठेवला की तोंड धुवून यायच्या. मी म्हटलं, सांगून टाका. म्हणाल्या, “सांगते. पुण्याचं काय ते कळू दे. कुणास ठाऊक, सांगायची पाळीच यायची न्हाय.” आयुष्यात इतकी भित्री मी त्यांना कधी बघितली नव्हती. आम्ही दोघी पुण्याला गेलो, डिस्क मांडीवर घेऊन, एखादं आजारी मूल न्यावं तशी. तिथल्या माणसानं मन लावून काम केलं. बरंच परत आलं. शिपाईमामांचं भाषण आलं, मैदान आलं, मुलीचे काही बोबडे शब्द आले. पण नवी सिस्टिम जिथं लिहिली गेली होती, त्या जागेवरचं परत येणार नव्हतं. आईचा सगळा फोल्डर तिथं होता.

कॉम्प्युटर परत द्यायला गडमुडशिंगीला जाताना त्या मला बरोबर घेऊन गेल्या. सरांच्या पत्नी, सुनंदावैनी, चहा घेऊन आल्या. आक्कांनी कपाला हात लावला नाही. उभ्यानंच सांगितलं. काय झालं, कसं झालं, स्क्रूचं, दिवाळीभर खोटं बोलल्याचंही. स्वतःच्या बाजूचा एक शब्द नाही.

सर ऐकत होते. पुढ्यात ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या डब्यावर त्यांचा हात होता. सगळं झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

“आई?”

“न्हाईत,” आक्का म्हणाल्या.

सर उठले आणि भिंतीला हात लावत गोठ्याकडं गेले. आम्ही थांबलो. ते आले नाहीत. थोड्या वेळानं सुनंदावैनी हळू आवाजात म्हणाल्या, “आक्का, तुम्ही जावा आता. आज त्यास्नी काय बोलाय लावू नका. तुम्ही मुद्दाम केलं न्हाय, कळतंय मला. पर सकाळी उठून मी त्यांच्याकडं कशी बघू, ते सांगा.”

शाळा सुरू झाली. संकपाळ सरांनी आक्कांना एका शब्दानं दोष दिला नाही. दुसऱ्यांनी काही म्हटलं तर, “माझी बी चूक हाय, मी नीट सांगितलं न्हाय,” म्हणायचे. पण स्टाफरूममध्ये ते बोलत असले आणि दारात किल्ल्यांचा जुडगा वाजला की ते थांबायचे. अर्ध्या वाक्यात थांबायचे. आक्का पाणी पिऊन बाहेर गेल्या की ते वाक्य पुरं व्हायचं.

हे आक्कांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. त्या मग जुडगा पदरात गुंडाळून, घट्ट धरून आत यायला लागल्या. आवाज न करता. भिंतीच्या कडेकडेनं. ज्या बाईच्या चालण्यानं व्हरांडा रिकामा व्हायचा ती बाई अशी यायची, ते बघवत नसे. मी एकदा म्हटलं, “आक्का, सर स्वतःच म्हणतात की दोघांची चूक आहे.”

“त्यांनी म्हणायचं ते म्हटलं,” त्या म्हणाल्या. “ऐकण्यात दोघांची चूक झाली आसंल. पर खाली जायचा कंटाळा दोघांनी न्हाय केला. तो मी एकटीनं केला.”

त्याच सुमाराला त्यांची ती नवी सवय मी पहिल्यांदा पाहिली. कुणी कॉम्प्युटर घेऊन आलं, यात आणखी एक सिस्टिम घाला म्हणालं, तर त्या नाही म्हणायच्या नाहीत. सगळं सांगायच्या, शेजारी उभ्या राहायच्या, पण दोन्ही हात पाठीमागं बांधून. शेवटचं बटण मालकानंच दाबायचं. तेही काय पुसलं जाणार ते आधी मोठ्यानं बोलून. चौगुले भाऊसाहेब वैतागले एकदा. “तुम्हीच दाबा की बाई, मला काय कळतंय त्यातलं?”

“कळंपर्यंत दाबायचं न्हाय,” आक्का म्हणाल्या. हात मागंच.

आणि रविवारी त्या गडमुडशिंगीला जायला लागल्या. सरांच्या घरी नाही. भावकीत, शेजारी, सोयऱ्यांकडं. “संकपाळ सरांच्या आईंचा आवाज कुणाकडं हाय का? लग्नाची कॅसेट, बारशाचा व्हिडिओ, मोबाइलवर काही?” लोकांना आधी हे काय खूळ असं वाटायचं. मग माळ्यावरून डबे उतरायचे. बुरशी आलेल्या कॅसेट, चरे पडलेल्या सीडी. आक्का त्या घरी आणायच्या, पुसून, सुकवून, जमेल तशा चालवून तासन् तास लग्नं बघायच्या. दुसऱ्यांची लग्नं. आवाज वाढवून, कान पडद्याला लावून. मी कधी जाऊन बसले की म्हणायच्या, “गप बस जरा, मागं बायका बोलाल्यात.” बँडच्या गोंगाटात त्या एका म्हातारीचा आवाज शोधत असायच्या, जिला त्यांनी जन्मात कधी ऐकलं नव्हतं.

उन्हाळ्यात एक कॅसेट सापडली. सरांच्या चुलत भावाचं लग्न. जेवणावळीच्या वेळी कॅमेऱ्याकडं पाठ करून एक बाई वाढप्यांना दरडावतेय, “आरं बाजूला व्हा की, पोरं उन्हात बसल्यात, त्यास्नी आधी वाढा.” चेहरा दिसत नाही. चुलत भाऊ म्हणाला, ही थोरली काकूच. सुनंदावैनींना ऐकवलं, त्यांनी डोळ्याला पदर लावला. “सासूबाईच वाटत्यात.”

आक्का तो तुकडा घेऊन सरांकडं गेल्या. याही वेळी मला बरोबर नेलं. म्हणाल्या, “सर, मी गिरिजा. एक आणलंय. ऐकता?”

सर या वेळी उठून गेले नाहीत. आक्कांनी लावलं. सरांनी मान एका बाजूला कलती केली. दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा. आक्का पदराचा काठ बोटाला गुंडाळत होत्या.

“आक्का,” सर म्हणाले, “ही आई न्हवं.”

आक्का लावलेलं बंद करायला पुढं झाल्या.

“ही माझी धाकटी मावशी. दोघींचा आवाज सारखाच. पर आई ‘व्हा’ म्हणायची न्हाय, ‘हुवा’ म्हणायची.” मग त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या, आणि ते हसले. “केवढी खमकी व्हती मावशी. पंगतीत तिच्यापुढं कुणाची टाप न्हवती. ती बी गेली की आता. तिचा आवाज मी कधी घेतलाच न्हवता बगा. राहून गेलं व्हतं.”

सुनंदावैनी उठून आत गेल्या. चहा आला. आक्कांनी त्या घरात त्या दिवशी चहा घेतला. निघताना सर दारापर्यंत आले आणि म्हणाले, “आणि एक. किल्ल्या वाजू द्या. चोरावानी येऊ नका शाळेत.”

त्यानंतर बोलणं सुरू झालं. पहिल्यासारखं म्हणणार नाही. सर थट्टा करायचे, आक्का हसायच्या, पण एक पायरी खाली उतरून. घरी परतताना त्या मला म्हणाल्या होत्या, “चांगली हाय गं मावशी. पर मी मावशी पुसली न्हवती.” आईचा आवाज त्यांना पुढंही कुठं मिळाला नाही. रविवारी जाणं थांबलं नाही. एखादी नवी कॅसेट निघाली असं कळलं की शाळेतून परस्पर जायच्या. त्या शोधात गावातल्या कितीतरी गेलेल्या माणसांचे आवाज त्यांच्या हाती लागले. ज्याचे त्याला नेऊन दिले. लोक त्यांच्या पाया पडायचे, तेव्हा त्या रागावायच्या, खऱ्याखुऱ्या रागावायच्या.

निवृत्त झाल्यावर त्यांनी शिवाजी पेठेतल्या खोल्या सोडायचं ठरवलं. गडहिंग्लजला भाऊ होता, अव्वा थकल्या होत्या. सामान आधीच टेम्पोनं गेलं होतं. क्लबच्या पोरांनी शाल घातली, नारळ दिला, आणि कुणाला सुचेना म्हणून हलगी वाजवली. मी आणि संकपाळ सर त्यांना पोचवायला बसस्थानकावर गेलो.

दुपारची वेळ. गडहिंग्लजची गाडी लागलेली होती. आक्का खिडकीशी बसल्या, आम्ही खाली उभे. बोलण्यासारखं असतं ते अशा वेळी कुणीच बोलत नाही. पाण्याची बाटली घेतली का, अव्वांना विचारलं म्हणून सांगा, एवढंच चाललं होतं. मग सरांनी खिशातून रेकॉर्डर काढला, बटण दाबलं आणि हात वर करून खिडकीच्या दिशेनं धरला.

“आक्का, बोला कायतरी. तुमचा आवाज माझ्याकडं न्हाय.”

आक्का मागं सरकल्या. “नको सर.”

“का?”

“तुमच्या आईंच्या जागी माझा आवाज? न्हाय. तिथं बसायचा माझा हक्क न्हाय.”

सर म्हणाले, “जागेची काळजी करू नका. जागा लई हाय. तुम्हीच रिकामी केलासा की.”

इतक्या वर्षांत हे कुणी असं तोंडावर बोललं नव्हतं. आक्का सरांकडं बघत राहिल्या. सरांचा चेहरा वर, हात तसाच उंच. मग आक्कांच्या तोंडून आधी एक हुंदक्यासारखा आवाज आला, आणि त्या हसल्या. मोठ्यानं, पोट धरून, गाडीतले लोक वळून बघण्याइतक्या. पुढच्या बाकावरची बाईही काही न कळता हसायला लागली.

“आलं,” सर म्हणाले. “ब्येस आलं.”

कंडक्टरनं घंटी मारली. इंजिन सुरू झालं आणि त्या घरघरीत बाकी सगळं बुडून गेलं. सरांनी रेकॉर्डर छातीशी धरला आणि गाडीच्या आवाजाकडं कान लावला.

“हसत्यात न्हवं अजून?” त्यांनी मला विचारलं.

गाडी वळत होती. खिडकीच्या गजावर कपाळ टेकून आक्का रडत होत्या, अंग गदगदत होतं, आणि त्यांनी तोंड झाकायचाही प्रयत्न केला नव्हता.

“हो,” मी म्हटलं, “हसतायत.”